साबणाचा एक दिवसाचा क्लास : थर जमले, रंगांचं मात्र नीट ऐका

क्लास केला मे महिन्यात आणि लिहितेय आत्ता, श्रावण लागल्यावर. मुद्दाम थांबले होते. क्लास संपल्या संपल्या बाकीच्या सगळ्याजणी मोबाईलवर पाच स्टार देऊन मोकळ्या झाल्या, मलापण आग्रह झाला, पण मी म्हटलं साबण अजून ओला आहे, अंगाला लावला नाही, रंग टिकतोय का बघितलं नाही, मग आत्ताच कशाचे स्टार देऊ? तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून केलेला साबण चार ते सहा आठवडे पिकावा, म्हणजे हवेशीर वाळावा लागतो आणि रंगाचं खरं काय ते त्याच्याही नंतर कळतं. आता क्लासमधला साबण वापरून संपत आलाय, घरी दोन घाणे केलेत, त्यातला एक बिघडला एक चांगला झाला, तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

क्लास बेळगावात टिळकवाडीला एका मॅडमच्या घरी. रविवारी सकाळी दहा ते चार, फी अठराशे रुपये, त्यात सगळं सामान, हातमोजे, चष्मा, दुपारी पुलाव आणि ताक, आणि आपण केलेल्या साबणाच्या चार वड्या. मी खानापूरहून सकाळच्या बसनं गेले. आम्ही एकूण आठ जणी होतो, तिघी बेळगावच्याच, दोघी निपाणीच्या, एक गोकाकची, एक कोल्हापूरहून माहेरी आलेली आणि मी. मॅडम अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलत शिकवतात आणि कुणालाच अडलं नाही, गोकाकची अक्का मराठी समजत होती पण बोलत कन्नडच होती, आपल्याकडं हे रोजचंच आहे. सांगायचं एवढ्यासाठी की कन्नड मातृभाषा असणाऱ्यांनीपण बिनधास्त जावं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते कारण मला स्वतःला ती माहीत नव्हती. घरी साबण करायच्या दोन पद्धती आहेत. एकात तयार ग्लिसरीनचा बेस मिळतो, तो वितळवायचा, रंग-वास घालायचा, साच्यात ओतायचा, तासाभरात साबण तयार. दुसरी म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून पहिल्यापासून साबण करणं, ज्याला कोल्ड प्रोसेस म्हणतात. हा क्लास दुसऱ्या पद्धतीचा आहे. पहिली सोपी आहे, लहान मुलांबरोबर करायला चांगली आहे, पण त्यात साबण आपण करत नाही, दुसऱ्यानं केलेला साबण आपण वितळवतो. मला तेलापासून करायचं होतं, कारण थंडीत माझे हातपाय उलतात आणि साबणात काय गेलंय ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

मॅडमचं सगळ्यात चांगलं काय, तर सोडा. सकाळचा पहिला दीड तास नुसता कॉस्टिक सोड्यावर. रंग नाही वास नाही, आधी हे. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही, हे त्यांनी आमच्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं. पाणी सोड्यावर ओतलं तर वरच्यावर उकळी फुटून अंगावर उडतं. आम्ही गॅलरीत उभं राहून एकेक चमचा घालत होतो, पाणी आधी दुधाळ झालं, भांड्याला बाहेरून हात लावला तर चटका बसला, खाली गॅस नाही काही नाही, नुसत्या सोड्यानं पाणी ऐंशी अंशाच्या वर गेलं, थर्मामीटर लावून दाखवलं. वाफ नाकात गेली की ठसका लागतो म्हणून तोंड बाजूला. दहा मिनिटांनी तेच पाणी काचेसारखं स्वच्छ. बघताना खरंच अंगावर काटा आला.

आणि जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या भांड्यांचं. आपल्या घरात निम्मी पातेली जर्मनची असतात, त्यात सोड्याचं पाणी अजिबात घालायचं नाही, अॅल्युमिनियम आणि सोडा यांची रिअॅक्शन होऊन हायड्रोजन वायू सुटतो, भांडं खातं आणि साबणपण वाया. स्टील किंवा जाड प्लास्टिकचं, तेवढंच. त्यांनी जर्मनच्या एका जुन्या चमच्यावर दोन थेंब टाकून दाखवले, फसफस सुरू झाली, एका निपाणीच्या बाईंनी तिथंच घरी फोन लावून सांगितलं की मी आल्याशिवाय त्या सोड्याला कुणी हात लावू नका, कारण त्यांनी सामान आधीच आणून ठेवलं होतं. अंगावर उडालं तर व्हिनेगर लिंबू काही चोळत बसायचं नाही, नळाखाली धरायचं, भरपूर वेळ. नाली साफ करायचा सोडा वापरायचा नाही कारण त्यात दुसरं काय काय मिसळलेलं असतं. हे सगळं कुठंही वाचायला मिळतं, पण वाचलेलं आणि बघितलेलं यात फरक आहे. या दीड तासासाठी मी पुन्हा एकदा अठराशे रुपये भरेन.

आता थर. मी मुळात थरांसाठीच गेले होते. एका ओळखीच्या घरी तीन रंगांचे पट्टे असलेला साबण बघितला होता आणि तेव्हापासून डोक्यात बसलं होतं की असा आपण करायचा.

तेल आणि सोड्याचं पाणी, दोन्ही साधारण चाळीस अंशावर आले की एकत्र करायचं आणि हँड ब्लेंडर थोडा थोडा फिरवायचा, सतत नाही, पाच सेकंद फिरवायचा, मग बंद करून नुसतं ढवळायचं. मिश्रण हळूहळू घट्ट व्हायला लागतं. पुस्तकी भाषेत त्याला ट्रेस म्हणतात, मॅडमनी सांगितलं की पातळ पिठल्यासारखं झालं म्हणजे पहिली पायरी, चमच्यानं वरून धार सोडली तर तिची रेघ क्षणभर वर दिसून विरते. डोशाच्या पिठासारखं झालं, रेघ तशीच राहिली, म्हणजे पुढची पायरी. थरांसाठी पहिला थर डोशाच्या पिठासारखा लागतो, पण दुसऱ्या थराचं पातळ पिठलंच राहिलं पाहिजे, आणि दोन्ही एकाच भांड्यातून निघणार, तेवढ्यात दुसरं घट्ट होत जाणार. इथं सगळेजण चुकतात. मॅडमची युक्ती अशी की एकदम सगळं मिसळायचंच नाही. तेल वजन करून दोन भाग, सोड्याचं पाणी वजन करून दोन भाग. पहिला भाग मिसळून ओतायचा, तो धरला की मग दुसरा मिसळायला घ्यायचा. काम दुप्पट होतं पण घाई होत नाही. तीन थर तर तीन भाग.

पहिला थर ओतला की साचा ओट्यावर दोनचार वेळा आपटायचा, आतली हवा निघते, वरचा भाग सपाट होतो. मग थांबायचं, दहा मिनिटं म्हणा पंधरा म्हणा, ते तेलावर आणि हवेवर आहे. मोज्याच्या बोटानं कडेला हळूच टेकून बघायचं, बोट आत गेलं नाही पण खूण राहिली म्हणजे झालं. तेवढ्यातच दुसरा ओतायचा. जास्त थांबलं, खालचा पार कडक झाला, की दोन थर एकमेकाला धरत नाहीत, दुसऱ्या दिवशी कापताना किंवा महिन्यानं आंघोळीत वड्या मधोमध सुटतात. आणि दुसरा थर वरून धबकन ओतायचा नाही, एक मोठा चमचा साच्यात आडवा धरायचा, अगदी पहिल्या थराच्या जवळ, आणि त्या चमच्यावर ओतायचं म्हणजे धार मोडते आणि खालच्याला खड्डा पडत नाही. गोकाकच्या अक्कांचा हात इतका स्थिर की त्यांचा पट्टा पट्टी लावून ओढल्यासारखा आला, दुसऱ्या दिवशी मॅडमनी कापलेल्या वड्यांचे फोटो पाठवले तेव्हा ग्रुपवर त्यांनी एवढंच टाकलं, भाळ चंद आग्याद री, म्हणजे फार छान झालंय हो.

दोन थरांच्या मध्ये बारीक गडद रेघ हवी असली तर कोळशाची किंवा कोकोची पावडर चहाच्या गाळणीत घेऊन पहिल्या थरावर भुरभुरायची. भुरभुरायची म्हणजे इतकी कमी की खालचा रंग दिसला पाहिजे. माझ्या क्लासच्या साबणात एका कोपऱ्यात ती जास्त पडली होती आणि बरोबर तिथंच वापरताना थर सुटला, बाकी वडी शेवटपर्यंत एकसंध.

इथपर्यंत सगळं उत्तम. आता रंगांकडं येते आणि इथं माझी तक्रार आहे.

क्लासच्या जाहिरातीत लिहिलंय शंभर टक्के नैसर्गिक रंग, आणि टेबलावर ओळीनं वाट्या मांडल्या होत्या, हळद, बीट पावडर, पालक, शेवगा, जास्वंद, गोकर्ण, मंजिष्ठा आणि रतनजोत (दोन्ही रंग देणाऱ्या मुळ्या), नीळ, कोळसा, मुलतानी, गेरू. दिसायला इतकं सुंदर होतं की सगळ्यांनी आधी फोटो काढले. पण यातला कुठला रंग सोड्यात जगतो आणि कुठला मरतो हे सांगितलंच नाही. आम्ही विचारलं तर मॅडम म्हणाल्या, नैसर्गिक आहे, थोडं बदलणारच. थोडं नाही हो, बीट पूर्ण जातं. निपाणीच्या एका ताईंनी हौसेनं गुलाबी थरासाठी बीट घातलं, वाटीत राणी कलर होता, सोड्याचं मिश्रण पडलं आणि आमच्या डोळ्यांसमोर ते पिवळट होऊन दुसऱ्या दिवशी चहासारखं तपकिरी. त्या खूप नाराज झाल्या. बिटाच्या रंगाला सोडा सहनच होत नाही, हे माहीत असताना ती वाटी टेबलावर ठेवायलाच नको होती. जास्वंद आणि गोकर्णाचंपण तेच, दोन्ही मळकट झाले.

हळदीचं मला आधीपासून थोडं कळत होतं. आपण हळदीत चुना मिसळून कुंकू करतात ते ऐकलेलं असतंच, आणि हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की तो लाल होतो हे तर प्रत्येक बाईनं बघितलंय. तेच इथं होतं. मिश्रणात हळद घातली की आधी विटकरी लाल, मग साबण बनत बनत सोडा संपत जातो तसा रंग उतरून केशरी-पिवळा येतो. सुंदर दिसतो. पण उन्हात हळद टिकत नाही.

मी घरी आल्यावर एक केलं. क्लासमध्ये उरलेल्या मिश्रणाचे छोटे छोटे तुकडे मॅडमनी प्रत्येक रंगाचे केले होते, ते मी मागून घेतले (न कुरकुरता दिले, हे त्यांचं मोठेपण), प्रत्येकाचे दोन भाग केले, एक भाग पूर्वेकडच्या खिडकीत ठेवला आणि एक भाग कपाटात खोक्यात. सहा आठवडे. खिडकीतली हळद फिकट लिंबाच्या सालीवर आली, कपाटातली अजून चांगली आहे. पालक आणि शेवगा खिडकीत महिन्याच्या आत खाकी झाले, पोलिसांच्या गणवेशासारखे, कपाटातलेपण आता त्याच वाटेवर आहेत. मंजिष्ठा टिकली, भाजक्या विटेपेक्षा फिकट असा गुलाबी रंग, मला सगळ्यात आवडलेला. रतनजोत गंमतीशीर आहे, तेलात टाकून ठेवली तर तेल गडद लाल होतं आणि तेच तेल सोड्यात गेलं की जांभळं, माझ्या तुकड्यात ते राखाडीकडं झुकलं पण गेलं नाही. कोळसा, मुलतानी आणि गेरू, काडीचा फरक नाही, खिडकीतला आणि कपाटातला शेजारी ठेवला तर ओळखू येत नाहीत. माती आणि कोळसा, त्यांचं काय उडणार. नीळपण पक्की.

निळीबद्दल जरा सांगते कारण यात माझे पैसे गेले. आपल्याकडं दुकानात इंडिगो पावडर म्हणून केसांना मेंदीबरोबर लावायची मिळते, ती म्हणजे निळीची वाळलेली पानं दळलेली असतात, रंगानं हिरवी. ती साबणात घातली की निळा येत नाही, करडा हिरवा येतो. रंगाची खरी नीळ वेगळी, पानं कुजवून घुसळून काढलेली, गडद निळी, जवळजवळ काळी वाटावी अशी वडी किंवा पूड, आणि ती अगदी चिमूटभर पुरते. आणि कपड्यांना घालायची बाटलीतली नीळ ही तिसरीच गोष्ट, ती यात घालायचीच नाही. मी रविवार पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात मंजिष्ठा आणि रतनजोत घेतली, दोन्ही तिथं स्वस्त आणि चांगल्या मिळाल्या, क्लासमध्ये विकत होते त्याच्या निम्म्याहून कमी दरात, पण निळीच्या नावाखाली केसांची पावडर आणली आणि घरी आल्यावर कळलं. दुकानदाराची चूक नाही, मीच नीळ एवढंच म्हणाले होते. गेरू मात्र दुकानातला कुंड्यांना आणि रांगोळीला लावायचा आणू नका, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही, कॉस्मेटिक ग्रेडचा म्हणून मागवा. अंगाला लावायची गोष्ट आहे.

आता माझे घरचे दोन घाणे. मी लिहून ठेवलेला हिशोब देते, कुणाला उपयोग झाला तर. एकूण तेल ५०० ग्रॅम : खोबरेल १५० ग्रॅम, राईस ब्रान २०० ग्रॅम, शेंगतेल १०० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम. कॉस्टिक सोडा ७० ग्रॅम, पाणी १४० ग्रॅम. यात साधारण पाच टक्के तेल साबण न होता तसंच राहतं, ते मुद्दाम, म्हणजे कातडी कोरडी पडत नाही. खोबरेल फेसासाठी आणि कडकपणासाठी, ते फार वाढवलं तर साबण अंग ओढतो. एरंडेल फेस धरून ठेवतं. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो, खोबरेलाला सगळ्यात जास्त, म्हणून एक तेल संपलं म्हणून त्याच्या जागी दुसरं घालायचं असं इथं चालत नाही, परत गणित करायचं. इंटरनेटवर सोड्याचे कॅल्क्युलेटर आहेत, तिथं टाकून बघितल्याशिवाय माझंसुद्धा ऐकू नका. आणि सगळं वजनावर, काट्यावर, ग्रॅममध्ये.

हे ग्रॅमचं ठळक सांगायचं कारण क्लासच्या कागदावर तेल मिलिलिटरमध्ये दिलंय आणि सोडा ग्रॅममध्ये. क्लासमध्ये करताना त्या स्वतः काट्यावर वजन करत होत्या, कागदावर मात्र एमएल. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, ५०० एमएल तेल म्हणजे साधारण ४६० ग्रॅमच भरतं, म्हणजे कागदाप्रमाणं मापानं केलं तर सोडा जास्त होणार आणि ते जास्तीचं तेल राहण्याऐवजी सोडाच मोकळा राहू शकतो. अंगाला झोंबणारा साबण होईल. मी मॅडमना फोन करून सांगितलं, त्या म्हणाल्या हो ते दुरुस्त करायचं राहिलंय. ते लगेच दुरुस्त करा मॅडम, ही विनंती आहे, कागद तुमच्या हातून जातो तेव्हा घरी शेजारी तुम्ही नसता. शिवाय कागद नुसता इंग्रजीत. ज्या बायका तिथं येतात त्यातल्या निम्म्यांना मराठीत नाहीतर कन्नडमध्ये दिला तर किती सोपं जाईल.

पहिला घाणा बिघडला तो वासामुळं. मला तीन थर करायचे होते, खाली गेरूचा तांबडा, आमच्या खानापूरच्या मातीसारखा, मध्ये नुसता पांढरा, वर निळीचा करडा निळा, पाऊस यायच्या आधी आभाळ असतं ना तसा. खालचा थर सुरेख बसला. मधल्याला वाटलं काहीतरी वास घालूया म्हणून घरात लवंगेचं तेल होतं ते थोडं घातलं, आणि ढवळता ढवळता चमचा थांबलाच. पिठलं नाही, डोसा नाही, सरळ उकडीच्या मोदकाची उकड. लवंगेच्या तेलानं मिश्रण झटक्यात घट्ट होतं हे नंतर कळलं. हातमोज्यांनी दाबून दाबून बसवलं, वर निळा ओतला, तो मधल्या भोकांतून खाली उतरला. एवढ्यात सासूबाई आत आल्या, अगं काय करायलीयास, वास तर दाढेच्या औषधाचा यायलाय. त्यांना सांगितलं सगळं, त्या शेजारी पाट घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, कापून तर बघ, कणकेसारखं असलं तरी साबण तो साबणच. दुसऱ्या दिवशी कापला तर आत ढगांसारखं पांढरं-निळं आणि भोकं भोकं. वापरता येतो, फेस चांगला येतो, पण मला पाहिजे होते ते थर नव्हते आणि मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, अर्धा किलो तेल, तेही खोबरेलाचे आत्ताचे भाव बघता.

दुसरा घाणा वास न घालता केला. अजिबात काही नाही. आणि तो बरोबर झाला. तीन भाग वेगळे वजन करून, मधे पंधरा-पंधरा मिनिटं थांबून, चमच्यावर ओतून. साचा विकत घेतला नाही, लाकडी खोक्याला बटर पेपर लावला. वरून पुठ्ठा झाकला आणि जुन्या चादरीत गुंडाळून ठेवला, ऊब राहिली की साबण आतून गरम होतो आणि रंग खुलून येतो. सकाळी पुठ्ठा काढला तर वर पांढरी भुकटी, पिठी भुरभुरल्यासारखी. घाबरू नका, वरचा ओला सोडा हवेशी लागला की ती धरते, कापडानं पुसून निघते. चोवीस तासांनी कापला. सहा वड्या, एकेक साधारण ११८ ग्रॅम.

पावसाळ्याचं एक. क्लासमध्ये सांगतात चार ते सहा आठवडे हवेशीर ठेवा, ते बेळगावात ठीक आहे. खानापुरात जून-जुलैला पाऊस काय असतो ते इकडच्या माणसांना सांगायला नको, कपडे आठ आठ दिवस वाळत नाहीत तर साबण कुठून वाळणार. माझ्या वड्यांना दर सकाळी घाम सुटलेला असायचा. मी त्या भाताच्या कणगीच्या खोलीत, जिथं चुलीची ऊब जाते तिथं, सुपात कोरा कागद घालून त्यावर उभ्या मांडल्या, दोन बोटं अंतर ठेवून, आणि दर चार दिवसांनी फिरवत राहिले. सात आठवडे लागले, वजन ११८ वरनं १०३ वर आलं तेव्हा म्हटलं आता झालं. म्हणून माझा सल्ला, आपल्या पट्ट्यातल्यांनी थंडीत करा, दिवाळी झाली की.

अंगाला कसा आहे? चांगला आहे. बाजारच्या साबणासारखा ढीगभर फेस येत नाही, बोअरच्या कठीण पाण्यात तर अजूनच कमी, पण नदीच्या पाण्यात मऊ बारीक फेस येतो आणि अंग पुसल्यावर कातडी ताणत नाही. साबण बनताना ग्लिसरीन तयार होतं ते यात तसंच राहतं, मोठ्या कारखान्यांत बहुतेक ते काढून घेतात. सासूबाई आयुष्यभर मैसूर सँडल वापरत आल्या, त्यांच्या माहेरीपण तोच, म्हैसूरचे महाराज नाल्वडी कृष्णराज वडेयर यांनी बेंगळुरात सरकारी साबण कारखाना काढला तेव्हापासूनचा तो साबण, आणि चंदनाच्या वासाशिवाय आंघोळ झाली असं त्यांना वाटत नाही. त्यांनी माझा आठ दिवस वापरला, म्हणाल्या पायाच्या भेगांना बरा आहे, वास मात्र नाही. आता पाय धुवायला माझा आणि आंघोळीला त्यांचा, असं चाललंय.

अजून एक तक्रार आणि ही मला मोठी वाटते. क्लासच्या शेवटी अर्धा तास घरबसल्या व्यवसाय यावर बोलणं होतं, पॅकिंग कसं करायचं, एक वडी दीडशेला कशी विकायची. दोघीतिघींच्या डोळ्यांत चमक आलेली मी बघितली, त्यातल्या एकीला खरंच गरज होती. पण साबण विकायला लायसन्स लागतं यावर अवाक्षर नाही. आंघोळीचा साबण कायद्यानं सौंदर्यप्रसाधनात येतो, विकण्यासाठी बनवायचा तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणं राज्याच्या औषध खात्याकडून परवाना काढावा लागतो, जागेपासून कागदपत्रांपर्यंत सगळं. घरात वापरा, पाहुण्यांना द्या, त्याला काही नाही. पण गरजू बाईला धंद्याचं सांगताय तर ही बाजू आधी सांगा. एखादीनं कर्ज काढून सामान भरलं तर?

आणि क्लासनंतर विकतात ते सामानाचं किट साडेबाराशेला, ते घेऊ नका. मी घेतलं नाही, कोल्हापूरच्या ताईंनी घेतलं, त्यात बीट आणि पालकाच्याच पुड्या दोन. काटा, ब्लेंडर आणि चष्मा एवढ्यावर पैसे घाला, काटा एक ग्रॅमचा अचूक पाहिजे. माझ्या हिशोबानं साधनं सोडून एक वडी तीस रुपयांच्या आसपास पडते.

जावं का, तर जावं. सोडा हाताळायला आणि थर ओतायला इतकं मन लावून शिकवणारं मला जवळपास दुसरं कुणी माहीत नाही, मॅडमचा संयम मोठा आहे, माझ्या शंकांना त्यांनी क्लासनंतर दोन महिने फोनवर उत्तरं दिलीत, एकदासुद्धा टाळलं नाही. पाचपैकी चार. कागद दुरुस्त झाला आणि टेबलावरनं बिटाची वाटी उचलली की मी स्वतः येऊन पाचवा देईन. जाताना घरातनं एक वही न्या, त्यांचा कागद बाजूला ठेवा आणि काट्यावर जो आकडा दिसतो तोच लिहून घ्या.

मंजिष्ठा आता तेलात घालून बरणी खिडकीत ठेवलीय, दसऱ्यानंतरच्या घाण्यासाठी. तेल आत्ताच लालसर दिसायला लागलंय.